ओळंबा थांबेपर्यंत

त्बिलिसीच्या टोकाला, ग्लदानीत,
ही नऊ मजल्यांची इमारत.
जिन्यात तळलेल्या वांग्यांचा वास.
लिफ्ट फेब्रुवारीपासून बंद,
तिच्यातला नाण्यांचा डबा मात्र जागच्या जागी.
फटीत वीस तेत्रीचं एक नाणं अडकलेलं,
ना आत, ना बाहेर.

ओतारने यंत्रखोलीतून दोन तारा सोडल्या,
टोकांना पाच-पाच किलोचे ओळंबे.
मी तळाच्या खड्ड्यात, गुडघे मुडपून,
जुन्या तेलाच्या दोन बादल्या मांडून.
ओळंबे तेलात बुडाले
आणि डुलत राहिले.

मी वही उघडली.
'मिट ती,' वरून आवाज आला
नऊ मजले घरंगळत,
'त्यांचं बोलणं संपलेलं नाही अजून.'

मग नुसतं बसणं.
वर सूर्यफुलाच्या बिया फोडल्याचा कट् कट् आवाज,
सालपटं माझ्या केसांत.
डुलणं विताएवढं, बोटाएवढं,
मग नखाएवढं,
आणि तेवढ्यात चौथ्या मजल्यावरचा गुरामी
पाठीने दार ढकलत आत आला,
दोन्ही हातांत कलिंगड.
त्याच्यामागून रस्त्यावरचा वारा.
तारा पुन्हा सुरू.

'झालं का?' त्याने विचारलं.
'टेप आहे ना तुमच्याकडे?
मग मापायला असा किती वेळ लागतो?'

मागच्या वर्षी आलेल्यांना नव्हता लागला.
त्यांनी वर मापलं, खाली मापलं,
मधलं सगळं सरळच असणार म्हणून धरलं.
रूळ आले, ट्रकमधून उतरले,
पाचव्या मजल्यापाशी अडले.
अजून तळघरात पडून आहेत.
बायका त्यांच्यावर गालिचे वाळत घालतात.

दुपारी तारा थांबल्या.
मी जिना चढले, दर मजल्यावर चार मापं,
दोन भिंती, उंबरा, दाराची चौकट.
दुसरा ठीक. तिसरा ठीक. चौथा जरा कलता.
पाचव्यावर एकतीस मिलिमीटर.
पुन्हा घेतलं, एकतीस.
ओतार खाली आला, तिसऱ्यांदा घेतलं,
मग पोटावरून डॉक्टर फिरवतो तसा
काँक्रीटवरून तळवा फिरवला.
'पोट सुटलंय हिला,' म्हणाला.
'हा मजला डिसेंबरात उभा केला असणार,
वर्षाचा आकडा पुरा करायच्या धांदलीत.'
कुणाची तरी चाळीस वर्षांपूर्वीची घाई
अशी हाताला लागली. गार होती.

आठव्यावर त्सियाला खिडकीत उभी.
तिची टोपली दोरीने खाली गेली होती
दुकानाच्या पायरीपर्यंत,
आता वर येत होती, पाव आणि अंडी घेऊन.
मध्येच वाऱ्याने हेलकावली.
तिने ओढणं थांबवलं.
दोरी मुठीत, नजर खाली,
ओठ मिटलेले, सुईत दोरा ओवताना असतात तसे.
मला म्हणाली,
'पहिल्या आठवड्यात सहा अंडी फुटली.
मग शिकले.'

लिफ्ट कधी चालू होईल, हे तिने विचारलं नाही.
ओतारनेच सांगितलं, 'ऑक्टोबर. बहुतेक.'
'बहुतेक' हा शब्द तिने ऐकला,
मान डोलावली
आणि त्याच्या हातावर एक अंडं ठेवलं.
तो ते कोटाच्या खिशात घेऊन
जिन्याची एकेक पायरी जपत उतरला.

संध्याकाळी मी तारा काढायला खड्ड्यात गेले.
सगळी मापं झाली होती,
वही भरली होती, बॅटरी विझत आलेली.
ओळंबे इतके स्थिर
की तेलावर एकही सुरकुती नव्हती.
मोजायचं काही उरलं नव्हतं.
वरून ओतारने हाक मारली,
मी म्हटलं, 'आले,'
आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.